चेहरा सगळ्यात शेवटी

कोल्हापूर

चि. मुक्ता,


तुझ्या ग्राफिक नॉव्हेलची पानं फोनवर मिळाली. एवढ्याशा पडद्यावर नीट दिसेनात, म्हणून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणल्या. हात चांगला वळलाय तुझा. वाडा, जिना, कौलं, दोरीवरचे कपडे, सगळं जिथल्या तिथं. अडतं ते रेवतीपाशी. ती रुसली की भुवया खाली, घाबरली की डोळे वाटोळे, रडली की गालावर दोन थेंब. रेवती रडतेय हे कळतं. पण तिच्या जागी दुसरी कुणी असती तरी अशीच रडली असती. तुमच्या फोनमधल्या त्या पिवळ्या तोंडांनी फार नुकसान केलंय, असं माझं स्पष्ट मत आहे. हसू, राग, रडू सगळं तयार मिळतं आणि सगळ्यांचं एकसारखंच.

तू विचारलंयस, भाव दाखवायला चेहऱ्याचा अभ्यास कुठून सुरू करू? माझं ऐकशील तर चेहरा काही दिवस सोडूनच दे. एक वही कर, ती कायम पिशवीत ठेव आणि तिच्यात माणसांच्या पाठी, हात, पाय काढत जा. मनातलं चेहऱ्यावर येऊ नये याची काळजी माणूस लहानपणापासून घेत आलेला असतो. हातांकडे मात्र त्याचं लक्ष नसतं.

गेल्या पावसाळ्यात एका आजाऱ्याला बघायला दवाखान्यात गेलो होतो. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर एक बाई बसल्या होत्या. चेहऱ्यावर काही नाही. कुणी विचारलं तर नीट उत्तर देत होत्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला पाय आखडून वाट देत होत्या. हातात औषधांची रिकामी कॅरीबॅग. ती मांडीवर पसरायची, तळहातानं सरळ करायची, मधोमध घडी, परत घडी, पुन्हा घडी, पार बोटभर होईपर्यंत, आणि मग मुठीत धरून ठेवायची. आतलं दार वाजलं की मूठ सुटायची, पिशवी फुलायची. मग पुन्हा पहिल्यापासून. मी तिथं वही काढली नाही. दुसऱ्याचं दुःख त्याच्यासमोर बसून उतरवून घेऊ नये. ही शिस्त तूही पाळ. खाली चहाच्या गाड्यावर आलो आणि आठवेल तसं काढलं. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमीजिएट परीक्षांना स्मरणचित्राचा पेपर असायचा. पोरं तो उरकायची. पण पात्रं घडवायची असतील तर त्याच पेपरचा खरा उपयोग, कारण आठवणीतून काढताना नको ते आपोआप गळतं. माझ्या पानावर साडीचे काठ आले नाहीत, बाक अर्धाच आला. दोन अंगठे आणि त्यांच्यामधली ती घडी तेवढी आली.

यात माझं नवीन असं काही नाही. भरतानं नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगून ठेवलेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. यातले चेहऱ्यावरचे म्हणावेत असे किती? रंग उतरणं आणि आसवं. बाकीचा कारभार साऱ्या अंगाचा. जागच्या जागी थिजणं, घाम फुटणं, काटा येणं, कापरं भरणं. तू आठातलं एकच उचललंस आणि तेच सगळ्या पानांवर वापरलंस.

आता तू म्हणशील, रेम्ब्राँनं तर स्वतःचा चेहराच काढला की. काढला, आणि तो प्रकार मुद्दाम बघण्यासारखा आहे. 1630 च्या सुमारास, ऐन विशीत, लायडनला असताना तो आरशासमोर बसून तोंडं करायचा: डोळे विस्फारून, ओरडून, हसून, कपाळाला आठ्या घालून. ते सगळं त्यानं तांब्याच्या पत्र्यावर कोरलं. त्यातलं डोळे विस्फारलेलं चित्र मोठ्या टपालतिकिटाएवढंच आहे. पण तो तिथं थांबला नाही. त्याच वर्षी त्यानं उंचवट्यावर बसलेला एक भिकारी कोरला आणि त्या भिकाऱ्याला चेहरा दिला स्वतःचा. तोंड उघडं, पाठीत पोक, अंगावर चिंध्या, पुढं केलेला हात. आरशातली तोंडं ही तालीम होती. पात्र उभं राहिलं ते पाठ आणि हात मिळाल्यावर.

चित्रकार केथे कोलवित्झचं नाव तुमच्या अभ्यासक्रमात येईलच. 1903 साली तिनं मेलेल्या मुलाला कवटाळून बसलेली आई काढली. त्यासाठी सात वर्षांच्या आपल्या पेटरला मांडीवर घेऊन ती आरशासमोर बसली होती. आईचा चेहरा मुलाच्या छातीत जवळजवळ बुडालेला आहे. दिसतात ते गुडघे, खांदे आणि आवळून धरलेलं अंग. पुढं 1914 मध्ये पेटर खरोखरच पहिल्या महायुद्धात बेल्जियममध्ये मारला गेला. त्याच्या स्मारकावर ती वर्षानुवर्षं काम करत राहिली. ते 1932 मध्ये तिथल्या दफनभूमीत उभं राहिलं. गुडघ्यावर बसलेले आई-बाप, एवढंच. आई पुढं वाकलेली. बाप ताठ, पण दोन्ही हात स्वतःच्याच अंगाभोवती घट्ट लपेटलेले. त्या बापाचे हात बघ, मग मला लिही.

स्वतःचा राग किंवा हेवा वहीत कसा आणायचा, हाही तुझा प्रश्न आहे. राग काढायला बसू नकोस. ज्वाळा आणि आवळलेल्या मुठी निघतील. रागात असताना समोरची बादली काढ. रेघ कुठं दाबली गेली, कुठं तुटली, बादलीचा कान का वाकडा आला, ते नंतर बघ. खाली तारीख आणि काय झालं होतं ते एका ओळीत लिही. ही वही कुणाला दाखवायची नाही, मलासुद्धा नाही. इन्स्टाग्रामवर तर मुळीच नाही. चार लोक बघणार म्हटलं की माणूस वहीतसुद्धा शहाण्यासारखा वागायला लागतो, आणि तिथं शहाणपणाचं काही काम नाही.

सत्यजित राय यांच्या वह्या जमल्या तर पुस्तकातून बघ. 'पथेर पांचाली' कादंबरीच्या मुलांसाठी केलेल्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रं त्यांनी काढली आणि ती काढता काढताच सिनेमाचं मनात आलं. त्या सिनेमाची रीतसर पटकथा त्यांनी लिहिलीच नाही. हाताशी होती ती रेखाटनं आणि टिपणं. पुढच्या सिनेमांसाठी ते लाल कापडी बांधणीच्या वह्या वापरत, आपल्याकडे दुकानदार हिशेबाला घेतात तशा चोपड्या. त्यात पात्रांचे पोशाख, ठेवण, खोलीतल्या वस्तू, संवाद सगळं एकत्र. आणि त्यांच्याही आधी आपल्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर चित्रीकरणापूर्वी पोशाख आणि हालचाली कागदावर काढून घेत. गावाचा अभिमान म्हणून सांगतोय असं समज हवं तर.

तर रेवतीसाठी एवढंच कर. तिची गोष्ट महिनाभर बाजूला ठेव. वहीत ती नुसती राहू दे. चपला कशी काढते, पायानं पायाला ढकलून की वाकून? एस.टी. चुकली तर मागं धावते, की कुणी बघितलं नाही ना याची खात्री करते? चिडली की भांडी आदळते, की पुसलेलीच भांडी पुन्हा पुसत बसते? उत्तर डोक्यात शोधू नकोस, काढून बघ. दहा रेखाटनांतली आठ खोटी वाटतील. जे खरं वाटेल, ते बहुधा तुझ्या ओळखीच्या कुणाचं तरी असेल, नाहीतर तुझंच. तेच ठेव. या सगळ्यात तिला डोळे-नाक काढायचं नाही. पाठमोरी असतानाही ती रेवतीच वाटली, की मग चेहरा दे.

आईला नमस्कार सांग. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझा,
आबाआजोबा

ता. क. स्केचबुक महागाचं घेऊ नकोस. भारी कागदावर हात बिचकतो. शिवलेल्या बांधणीची साधी वही आणि 4बी पेन्सिल पुरे. आणि खोडरबर जवळ बाळगू नकोस. चित्रकारानं लहान वही सोबत ठेवावी आणि तिच्यातलं काही पुसू नये, असं लिओनार्दोनंही लिहून ठेवलंय.