लाख कुणाचे?

राजा परांजपे यांचा 'लाखाची गोष्ट' (1952) परवा पाहिला. कथा गदिमांची. मुलीवर प्रेम करणाऱ्या कफल्लक तरुणाला तिचा श्रीमंत बाप अट घालतो: महिन्याभरात लाख रुपये खर्चून दाखव. खूप हसलो. मग आमचे पैसे आठवले.

कोपरगाव तालुक्यातल्या आजोबांच्या रानातून समृद्धी महामार्ग गेला, मोबदला मिळाला. माझ्या पुण्यातल्या फ्लॅटचं डाउन पेमेंट त्यातलंच. सातबाऱ्यावर आत्याचंही नाव होतं. पैसे येण्याआधी तिने हक्कसोडपत्रावर सही केली. "माहेर तुटायला नको रे," म्हणाली.

2005 पासून देशभर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. तो सोडायची मुभाही आहे, म्हणजे कागद पक्का. पण माहेर तुटेल या भीतीने केलेल्या सहीला राजीखुशी म्हणायचं का?

रस्ता आमच्याच रानातून गेला, यात बाबांचा घाम नाही, माझा तर नाहीच. मग नशिबाने आलेल्या पैशात आत्याचा वाटा बाबांपेक्षा कमी कसा?

सिनेमात पैसे संपवणं अवघड असतं. मला ते परत करणं जड जातंय. हप्ते चालू आहेत. तरी भाऊबीजेआधी बाबांकडे विषय काढणार आहे. ओवाळणी दरवर्षी पडतेच ताटात. यंदा वाटा मोजायचाय.