समोरच्याचे डोळे

दिवाळीच्या दिवसांत उजेडाविरुद्ध बोलणे शोभत नाही; तरी मी थोडेसे बोलणार आहे.

लातूरच्या माझ्या एका स्नेह्यांनी १९६४ सालची ॲम्बॅसॅडर नव्याने उभी करावयास घेतली आहे. गाडी येथे नांदेडला एका मिस्त्रींकडे आहे, म्हणून संध्याकाळी मीही तेथे डोकावतो. रंगकामाआधी बाहेरचे सगळे दिवे उतरवावे लागतात, आणि ते काम हिसक्याचे नव्हे. गंजलेल्या स्क्रूवर मिस्त्री आदल्या रात्रीच तेल सोडून ठेवतात. मग क्रोमची रिंग, कडक झालेले रबर, काच, आतला वाडग्यासारखा रिफ्लेक्टर असे एकेक निघते. प्रत्येक वायरला चिठ्ठी बांधली जाते. रिंगेला पुन्हा मुलामा चढतो. रिफ्लेक्टरला मात्र मिस्त्री कोणाला फडके लावू देत नाहीत. त्यावरचा चकाकता थर इतका पातळ, की पुसण्याच्या प्रेमानेच तो मरतो.

दोन्ही काचांच्या वरच्या भागावर काळा रंग होता. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत मुंबईत काळोख पाळावा लागे, तेव्हा मोटारींच्या काचा अशा काळ्या करीत. पुढे शांततेच्या काळातही पुष्कळ गाड्यांच्या दिव्यांवर काळा ठिपका दिसे. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपू नयेत, एवढाच त्याचा हेतू.

"हे खरवडू का?" मिस्त्रींनी विचारले.

"खरवडा," स्नेही म्हणाले, "कारखान्यातून निघाली तेव्हा हा डाग नव्हता."

यात खोटे काही नाही. पण याच गृहस्थांच्या खिशात पांढऱ्याशुभ्र एलईडी दिव्यांची डबी होती! काच १९६४ ची आणि उजेड आजचा. येथे मला प्रश्न पडला: जुने होते तसे करावयाचे, म्हणजे नेमके काय काय परत आणावयाचे? काचेवरच्या रेघा काही नक्षी नव्हेत. त्या उजेडाला खाली आणि डाव्या कडेला वळवितात. रिफ्लेक्टर बारीक तारेच्या दिव्यासाठी बेतलेला असतो. तारेच्या जागी भलताच दिवा बसविला, की उजेड फाकतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो.

उसाच्या हंगामात रात्री आमच्या लोहा-अहमदपूरच्या रस्त्याने जाऊन पाहावे. उसाने लादलेली बैलगाडी कडेने चाललेली असते. कंदील असला तर असतो. समोरच्या मोटारीने ज्याचे डोळे दिपले, त्याला ती गाडी दिसत नाही. झगझगीत दिवेवाला तोवर पुढे निघून गेलेला असतो. मागे काय झाले ते त्याला कळतही नाही.

"अहो, पण मला दिसायला नको का? साठीनंतर नजर पूर्वीसारखी राहते थोडीच!"

हे म्हणणे थट्टेवारी नेण्याजोगे नाही. वयाबरोबर उजेड जास्त लागतो, हे मीही अनुभवतो. पण मग आपण गाडी हळू हाकावी. आपल्या नजरेची भरपाई अनोळखी गाडीवानाने का करावी? काळा रंग ठेवाच, असे मी म्हटले नाही. त्याने निम्मा उजेड वाया जातो. तो ज्या विचाराने लावला होता, तो विचार तेवढा खरवडू नये.

मिस्त्रींनी वाद घातला नाही. "आधी अर्थिंग साफ करू," ते म्हणाले, "पुष्कळसा अंधार गंजातच बसलेला असतो." त्यांनी काचा घासून स्वच्छ केल्या आणि जुन्याच जातीचे बल्ब मागविले. डबी स्नेह्यांनी पुन्हा खिशात घातली. रंग वाळेपर्यंत विचार करतो, म्हणाले.