आपल्या घासाचा भार



शहरांच्या कडेला नव्या वसाहती वाढत आहेत. बदलापूर असो, विरार असो, तळेगाव असो किंवा इंदूर-वडोदऱ्याच्या सीमेवरची एखादी नवी कॉलनी असो. घरामागे अर्धा-एक गुंठा मोकळी जागा मिळाली की मनात एक जुनी इच्छा जागी होते. आपली भाजी आपण पिकवावी. चार कोंबड्या असाव्यात, दोन शेळ्या असाव्यात. पिशवी घेऊन रोज बाजारात जावे लागू नये. कोणापुढे हात पसरावा लागू नये.

ही इच्छा शुभ आहे. हातांना श्रम मिळतात, मुलांना मातीचा स्पर्श मिळतो, ताटात ताजे अन्न येते. पण कोणत्याही शुभ इच्छेला साधनेचे रूप द्यायचे असेल, तर आधी तिचा अर्थ तपासावा लागतो. तुम्हाला स्वावलंबी व्हायचे आहे म्हणजे नेमके काय व्हायचे आहे?

एक साधा हिशेब करून पाहा. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जमीन, १०८९ चौरस फूट. पाण्याखालच्या शेतात एकरी पंधरा क्विंटल गहू आला असे धरले, तरी एका गुंठ्याच्या वाट्याला येतात सदतीस-अडतीस किलो. चार माणसांच्या घराला महिना-सव्वा महिना पुरेल एवढेच. मीठ, तेल, डाळ, कापड यांची तर गोष्टच वेगळी. तेव्हा ज्याला कोणाचीच गरज उरू नये असे वाटते, त्याला हा गुंठा पहिल्याच वर्षी नम्रता शिकवतो. पाऊस आपल्या हातात नाही. बी कोणीतरी जपून ठेवलेले असते. फुलावर येणारी मधमाशी आपण पाळलेली नसते. परसबाग लावणाऱ्याला हळूहळू कळते की आपण किती जणांच्या आधाराने जगतो.

मग स्वावलंबन कशाला म्हणायचे? माझ्या अल्प समजुतीनुसार, आपण जो घास खातो त्याचा भार ओळखणे आणि शक्य तेवढा स्वतःच्या खांद्यावर घेणे, याला स्वावलंबन म्हणावे. बाजारातून आणलेल्या पिशवीत हा भार दिसत नाही. कोणाचे श्रम, कोणाचे पाणी, कोणाचा जीव त्यात गेला हे पिशवी सांगत नाही. परसदार सगळे सांगते.

आपल्या पूर्वजांनी हा भार ओळखला होता. गृहस्थाच्या घरात हिंसेची पाच स्थाने असतात असे धर्मशास्त्र सांगते: चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. यांनाच पंचसूना म्हणतात. अन्न शिजवताना, दळताना, झाडताना, कांडताना, पाणी भरताना नकळत जीव जातात. शास्त्राने गृहस्थाला घर सोडून पळायला सांगितले नाही. त्याने रोजचे पाच महायज्ञ सांगितले आणि त्यांत भूतयज्ञ ठेवला. गोग्रास काढणे, कावळ्या-चिमण्यांना घास ठेवणे, मुंग्यांना चिमूटभर पीठ घालणे ही त्याचीच रूपे. आपण घेतो हे मान्य करा आणि त्यातून परत द्या, एवढा सरळ उपदेश त्यात आहे.

आता एक अवघड गोष्ट सांगतो. माझ्याच अनुभवातली आहे, म्हणून संकोच वाटतो.

घरामागे मी दोन शेळ्या आणल्या होत्या. शेळी एकटी राहत नाही, ओरडून जीव काढते, म्हणून दोन. रोज प्रत्येकी तीन-चार किलो हिरवा चारा लागे. कुंपणाला शेवरी लावली, शेवग्याचा पाला तोडून घातला, लेंडीखत वाफ्यांत घातले. दुधी, आळू, मेथी असे काही फोफावले की शेजारी पाहायला येऊ लागले. मी अभिमानाने सांगे, "आम्ही आता स्वावलंबी झालो." सुमारे दीडशे दिवसांची गाभण पुरी होऊन एक शेळी व्याली. घरात दूध आले, आणि दुधाबरोबर एक करडूही आले. ते नर होते.

याचा विचार मी केलाच नव्हता. शेळी व्याल्याशिवाय दूध देत नाही, आणि निसर्ग नर-मादी साधारण सारखेच जन्माला घालतो. दुधाच्या प्रत्येक पेल्यामागे हा प्रश्न उभा असतो. करडू मोठे झाले, मुले त्याच्याशी खेळू लागली. दुसऱ्या बोकडाला जन्मभर पोसण्याइतकी जागाही नव्हती, चाराही नव्हता. शेवटी एका व्यापाऱ्याला दिले. तो त्याचे काय करणार हे मला ठाऊक होते. मी विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही. तीन दिवस शेळी दाराकडे पाहून ओरडत होती. मुलाने विचारले, "बाबा, तो कुठे गेला?" मी म्हणालो, "मोठ्या गोठ्यात."

वाचकहो, बोकड विकला यापेक्षा मुलाला जे सांगितले त्याचे ओझे मला अधिक वाटते. बाजाराची पिशवी जे लपवते तेच मी माझ्या परसात लपवले. मग माझे स्वावलंबन कोणते?

या प्रश्नापाशी मोठी माणसेही अडखळली आहेत. जोहान्सबर्गजवळच्या टॉलस्टॉय फार्मवर महात्मा गांधींनी १९१२ साली दूध सोडले. अधिक दूध काढण्यासाठी गाई-म्हशींवर होणाऱ्या फुंक्याच्या क्रूर प्रथेने त्यांचा निश्चय दृढ झाला होता. पुढे १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीच्या कामात ते फार आजारी पडले. शक्ती येण्यासाठी दूध घ्या, असा डॉक्टरांचा आग्रह होता. तेव्हा कस्तुरबांनी सुचवले की व्रत घेताना मनात गाय-म्हैस होती, मग शेळीच्या दुधाला हरकत काय? गांधीजींनी ते घेतले. पण आपण व्रताची अक्षरे पाळली आणि त्याचा आत्मा गमावला, ही बोच राहिल्याची कबुली त्यांनी आत्मकथेत दिली आहे. त्यांनी दूध घेतले याचे मला आश्चर्य वाटत नाही. आपल्या मनाची पळवाट त्यांनी लपवली नाही, ती सर्वांसमोर मांडली, हे मला शिकण्यासारखे वाटते.

म्हणून तुम्हाला विनंती आहे. परसात जीव आणण्याआधी त्याच्या अखेरीचा विचार करा. बोकडाचे काय करणार, हे शेळी आणण्याआधी ठरवा. खच्ची करून त्याला जन्मभर पोसण्याची ताकद आहे का? पैदाशीसाठी चांगला नर शोधणारा एखादा ओळखीचा पशुपालक आहे का? त्याला विकणार असाल, तर तो कुठे जाईल हे डोळे उघडे ठेवून मान्य करणार का? कोंबडीचेही तसेच. दोन-तीन वर्षांनी अंडी कमी होतात, कोंबडी मात्र त्यानंतरही जगते. तिचे म्हातारपण तुमच्या अंगणात जाणार आहे का? अंडी, मांस खावे की न खावे हा ज्याच्या-त्याच्या आचाराचा विषय आहे. पण खाणाऱ्याने आणि न खाणाऱ्याने, दोघांनीही आपल्या ताटाशी खरे बोलावे. पिशवीतले दूध घेणाऱ्यानेही शेळीवाल्याला नावे ठेवू नयेत. गाईलाही गोऱ्हे होतात.

प्रामाणिक उत्तर सापडले नाही, तर जनावर आणू नका. नुसती बाग लावा. त्यात काही कमीपणा नाही. सोलापूर जिल्ह्यातील अरणचे संत सावता माळी आपल्या मळ्यातच रमले. ते पंढरीला गेले नाहीत, विठ्ठलच त्यांच्या मळ्यात आला, असे परंपरा सांगते. भाजीचा वाफा देवाला पुरतो, तो आपल्याला का पुरू नये?

सुरुवात मातीपासून करा. नव्या वसाहतीतल्या जागेत बहुधा बांधकामाचा राडारोडा असतो. पहिले वर्षभर सुका पाला आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा त्यात जिरवा. मेथी महिन्याभरात काढणीला येते, तिथून आरंभ करा. जनावर आणायचेच असेल, तर ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा सोसायटीचे नियम आधी पाहा. पहाटे आरवणाऱ्या कोंबड्याने शेजाऱ्याची झोप मोडणार असेल तर त्याची संमती घ्या. कोंबड्यांना राणीखेत रोगाची आणि शेळ्यांना पीपीआर, आंत्रविषाराची लस जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून वेळेवर टोचून घ्या. दिवेलागणीला खुराड्याचे दार स्वतः बंद करा. एक संध्याकाळ विसरलात तर मुंगूस विसरत नाही. देवापुढे दिवा लावण्याइतकेच हे कामही नियमाने करा.

आणि परसातून जे पहिले निघेल, ते घरात नेण्याआधी कोणाला तरी द्या. पहिली मेथीची जुडी शेजाऱ्याला, पहिला दुधी घरकामाला येणाऱ्या ताईंना. देण्याने आपली गरज कमी होत नाही, पण आपण कोणाच्या आधाराने उभे आहोत याची आठवण राहते.

माझ्याकडे आता शेळ्या नाहीत. शेवरी आहे, तिचा पाला वस्तीतल्या एक आजी आपल्या शेळीसाठी नेतात आणि लेंडीखताची पाटी आणून ठेवतात. मुलगा आता मोठा झाला आहे. मागच्या पावसाळ्यात वाफ्याजवळ बसून त्याला त्या करडाची खरी गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मला माहीत होतं, बाबा."

चला, आज जेवायला बसण्यापूर्वी क्षणभर ताटाकडे पाहू. हा घास कोणाकोणामुळे आला ते मनाशी म्हणू. जे ठाऊक आहे ते लपवणार नाही आणि जेवढे उचलता येईल तेवढे उचलू, एवढा संकल्प पुरे आहे.