डोळ्यांत तेल घालून

गेल्या उपवासकाळातील गोष्ट. आमच्या धर्मग्रामातील स्नानसंस्काराच्या जुन्या नोंदवह्या फार जीर्ण झाल्या आहेत. पाने पिवळी पडली आहेत, शाई उडत चालली आहे, काही ठिकाणी वाळवीने आपली सही केली आहे. या नोंदी संगणकावर उतरवून ठेवाव्यात असे आमच्या मनात आले आणि वडगाव शेरीत राहणाऱ्या एका मुलीला आम्ही हे काम सांगितले. मुलगी खराडीच्या एका कंपनीत नोकरीला आहे. संगणकावर तिचा हात चांगला चालतो आणि फादरांनी सांगितलेल्या कामाला नाही म्हणायचे नाही, हा संस्कार घरचाच. आठवड्यातून तीन दिवस ती ऑफिसातून परस्पर चर्चच्या कार्यालयात येई आणि रात्री नऊ-साडेनऊपर्यंत नोंदी उतरवीत बसे.

तिसऱ्या आठवड्यात एकदा आम्ही सहज डोकावलो, तर ती टेबलावर कोपरे टेकून दोन्ही तळव्यांनी डोळे झाकून बसली होती.

"काय गं, झोप आली का?"

"नाही फादर, डोकं ठणकतंय. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. रोजचंच आहे."

आम्ही कपाटातून बामची बाटली काढून दिली, डोकेदुखीची एक गोळी दिली आणि, हे लिहिताना आम्हाला संकोच वाटतो, "१९६२ साल संपत आलंय, तेवढं आज पुरं करून टाक," असे म्हणून बैठकीला निघून गेलो.

पुढच्या रविवारी मिस्सानंतर तिच्या आईने आम्हाला गाठले. बाई शांत स्वभावाच्या आहेत, भांडायला आल्या नव्हत्या. "फादर, पोरीचे डोळे दुपारपासूनच लाल असतात. तिच्या ऑफिसला काही सांगता येत नाही, तुम्हाला तरी सांगते," एवढेच त्या म्हणाल्या. त्यांच्या 'तुम्हाला तरी' या दोन शब्दांनी त्या दिवशी आमचे जेवण गोड लागू दिले नाही.

आमच्या धर्मग्रामात एक नेत्रतज्ज्ञ आहेत. त्यांच्याकडे आम्ही चौकशी केली. त्यांनी समजावून सांगितले ते असे. डोळ्याच्या आत एक बारीक स्नायू असतो. जवळचे पाहताना तो आकसतो आणि नेत्रभिंगाला फुगवटा देतो. नजर दूर गेली की सैलावतो. हातभर अंतरावरच्या पडद्याकडे तासन् तास पाहणाऱ्याचा हा स्नायू दिवसभर आकसलेलाच राहतो. मूठ वळून आठ तास बसावे, तसे ते आहे. दुसरी गोष्ट पापणीची. एरवी आपली पापणी मिनिटाला साधारण पंधरा ते वीस वेळा लवते आणि दर वेळी डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर पसरवते. पडद्याकडे एकटक पाहताना हे लवणे निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. त्यात वातानुकूलित खोलीतील कोरडी हवा. डोळा सुकतो, चुरचुरतो, आणि संध्याकाळ होईतो कपाळ व मान दोन्ही धरतात. चष्म्याचा बारीकसा नंबर तपासायचा राहून गेला असेल तर दुखणे आणखी वाढते. यामुळे डोळे कायमचे अधू होतात असे मात्र नाही, हा दिलासाही त्यांनी दिला. (डोकेदुखीबरोबर उलट्या होत असतील, एकाचे दोन दिसत असेल किंवा नजर अचानक अंधुक झाली असेल, तर पडद्याला दोष देत न बसता ताबडतोब डॉक्टरांकडे जावे, असेही ते म्हणाले. वाचकांनी हे ध्यानात ठेवावे.)

निळा प्रकाश अडवणारे महागडे चष्मे घ्यावेत का, असे आम्ही विचारले. त्यावर ते हसले. कॉक्रेन या वैद्यकीय आढावे घेणाऱ्या संस्थेने २०२३ साली सतरा चाचण्यांचा एकत्र विचार केला. डोळ्यांचा शीण कमी होण्यास अशा काचांचा, निदान अल्पकाळात, बहुधा काही उपयोग होत नाही, असे त्यातून दिसले. मग उपाय कोणता? दर वीस मिनिटांनी मान वर करून वीस फूट दूरच्या कशाकडे तरी वीस सेकंद पाहावे. बस्स. आम्ही कागदावर हिशेब मांडला. आठ तासांच्या दिवसात ही विश्रांती सगळी मिळून आठ मिनिटांची होते.

आम्ही हे त्या मुलीला उत्साहाने सांगितले. ती म्हणाली, "माहीत आहे फादर, आमच्या लिफ्टजवळ तसा कागदही लावलाय. पण पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका असतो. पाच मिनिटं हात हलला नाही की तो पिवळा होतो. वरच्या लोकांना तो दिसतो. म्हणून मी डोळे मिटले तरी माऊस हलवत राहते."

डोळे मिटलेली आणि हात हलता ठेवणारी ती मुलगी आमच्या नजरेसमोरून हलेना. तोवर डोळ्यांचे दुखणे हा प्रश्न आम्ही डॉक्टरांच्या खात्यावर मांडला होता. तो तिथे बसत नाही. औषध ठाऊक आहे, ते फुकट आहे, आणि तरीही रुग्णाला ते घेता येत नाही, कारण ते घेण्यासाठी दुसऱ्या कुणाची तरी अनुज्ञा लागते. मग ते दुखणे शरीराचे राहत नाही. माणसा-माणसांत काय देणे लागते, याचा तो प्रश्न होतो.

कुणी म्हणेल, वीस सेकंदांसाठी तर तो ठिपका काही पिवळा होत नाही, मग तिने मान वर करायला काय हरकत आहे? हिशेबाने काहीच नाही. पण ज्याच्यावर सतत पाळत आहे असे ज्याला वाटते, तो घड्याळ लावून बेफिकीर होऊ शकत नाही. आपल्याकडे 'डोळ्यांत तेल घालून' काम करण्याची मोठी थोरवी आहे. रात्रीचा पहारेकरी, आजाऱ्याच्या उशाशी बसलेली आई, परीक्षेचा विद्यार्थी, सारे डोळ्यांत तेल घालून जागतात. आम्हीही प्रवचनांतून हा शब्दप्रयोग पुष्कळदा वापरला आहे. पण आई जागते ती लेकराचा ताप उतरेपर्यंत. त्या जागरणाला शेवट असतो. शेवट नसलेल्या जागरणाला निष्ठा म्हणावे का, याचा विचार आम्ही आजवर केला नव्हता.

डोळ्यांचा हा शीण संगणकाबरोबर जन्मला असेही नाही. दहाव्या शतकात स्पेनमधील फ्लोरेन्सियस नावाच्या एका लिपिकाने ९४५ साली पूर्ण केलेल्या हस्तलिखिताच्या शेवटी लेखनकामाचे गाऱ्हाणे नोंदवून ठेवले आहे. डोळ्यांवर धुके येते, पाठीला बाक येतो, पोट आणि बरगड्या दुखतात, असा त्याचा आशय आहे. इटलीतील मोडेना येथील वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. रुग्णाला 'तुझा व्यवसाय कोणता?' हा प्रश्न विचारलाच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. बारीक काम करणाऱ्यांनी मधूनमधून काम बाजूला ठेवून नजर दुसरीकडे वळवावी, असा सल्ला त्यांनीही दिला आहे. म्हणजे आमच्या नेत्रतज्ज्ञांचे औषध तीनशे वर्षांचे जुने.

पण त्या मठवासी लिपिकांच्या बाबतीत एक गोष्ट निराळी होती. मठात घंटा होती. ठरलेल्या प्रहरी ती वाजे आणि प्रार्थनेसाठी हातातले काम खाली ठेवावे लागे. थांबू का, असे कुणाला विचारावे लागत नसे, आणि थांबणारा आळशीही ठरत नसे. या मुलीचे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात तीन पाळ्यांत राबले. काम घामाचे होते, धोक्याचेही होते. पण भोंगा वाजला की पाळी सुटे, आणि भोंगा साहेबालाही ऐकू येई. लेकीच्या खुर्चीला गादी आहे, खोली थंडगार आहे, पगार बापाच्या शेवटच्या पगाराहून मोठा आहे. भोंगा तेवढा नाही. काम लॅपटॉपच्या पिशवीत बसून तिच्याबरोबर घरी येते.

पोपमहाशय तेरावे लिओ यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात श्रम आणि विश्रांती यांचे नाते सांगितले आहे. विश्रांतीचे माप कामाच्या स्वरूपावरून, स्थळकाळावरून आणि कामगाराच्या प्रकृतीवरून ठरावे, असे त्यांचे म्हणणे. त्यासाठी त्यांनी खाणकामगारांचे उदाहरण घेतले. सेमिनरीत हा भाग आम्ही परीक्षेसाठी पाठ केला होता. त्या वेळी आमच्या डोळ्यांसमोर कोळशाने माखलेली माणसे होती. स्वच्छ कपड्यांतली, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली मुले नव्हती. २०२५ साली निवडून आलेल्या चौदाव्या लिओंनी आपले नाव निवडताना याच परिपत्रकाची आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळातील श्रमाच्या प्रतिष्ठेची आठवण करून दिली, तेव्हा कुठे आम्ही ते पुस्तक पुन्हा उघडले.

कायदा काय म्हणतो? युरोपीय समुदायाने मे १९९० मध्येच एक निर्देश काढला. पडद्यावरचे काम ठरावीक काळाने विश्रांतीने किंवा कामातील पालटाने खंडित झाले पाहिजे, अशी व्यवस्था मालकाने करावी. कामगाराला डोळे तपासून घेण्याचा हक्क असावा. आणि पडद्यासाठी खास चष्मा लागलाच तर त्याचा खर्च कामगारावर पडू नये. पुढच्याच वर्षी, १९९१ साली, आमच्या पुण्यातील सी-डॅकने 'परम' हा महासंगणक सिद्ध केला आणि आम्हा पुणेकरांची छाती फुगली. यंत्राची वार्ता आम्ही ताबडतोब ऐकली. डोळ्यांची मात्र ऐकली नाही. महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्याने दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती दहा तास करण्यास मान्यता दिली. चर्चा झाली ती तासांची. त्या तासांत नजर कुठे खिळलेली असेल, हे कुणी विचारले नाही.

याहून कितीतरी कष्टाची कामे करणारे लोक आपल्या राज्यात आहेत, हा आक्षेप आम्हाला ठाऊक आहे. बीडहून उसाच्या फडावर जाणाऱ्या बाईपुढे थंड खोलीतील डोकेदुखीचे कौतुक काय सांगायचे? आक्षेपात तथ्य आहे. पण आमचा अनुभव असा की ही तुलना सहसा ऊसतोड कामगारांच्या कळवळ्याने केली जात नाही. समोरच्याला गप्प करण्यासाठी केली जाते. मोठ्या दुःखाचे नाव घेऊन लहान दुःख नाकारणाऱ्याने मोठ्यासाठीही काही केलेले नसते. आमची ही समजूत कुणाला कठोर वाटेल. वाटो.

दोष नेमका कुणाचा, हे ठरवणे मात्र सोपे नाही. आमच्याच धर्मग्रामात एक गृहस्थ अशाच एका कंपनीत तीस जणांवर प्रमुख आहेत. सज्जन माणूस, मिस्सामध्ये वाचन करतात. त्यांच्यापाशी आम्ही हा विषय काढला. ते म्हणाले, "फादर, मुलांना मी उठा म्हणतो. पण मुदत अमेरिकेतला ग्राहक ठरवतो. तो झोपेतून उठतो तेव्हा इथे संध्याकाळ झालेली असते. त्याला आमचे डोळे दिसत नाहीत. आणि मला कोण उठवणार? माझ्या ड्रॉवरमध्ये डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या दोन बाटल्या आहेत." आम्हाला पटकन उत्तर सुचले नाही. पण घरी परतताना ध्यानात आले की अमेरिकेच्या ग्राहकापर्यंत जाण्याचे आम्हाला काही कारण नव्हते. नोंदवह्यांचे काम सांगणारा ग्राहक कोण होता? मुदत कुणी घातली होती? १९६२ साल त्याच रात्री पुरे झाले नसते, तर त्यात नोंदलेल्यांपैकी कुणाचा स्नानसंस्कार रद्द होणार होता?

त्या मुलीला आम्ही तसे सांगितले आणि माफी मागितली. ती ओशाळली. "असं काय फादर, मला आवडतं ते काम," म्हणाली. तिने काम सोडले नाही, पण आता ती फक्त रविवारी सकाळी तासभर येते. नोंदवही आमच्या हातात असते. आम्ही नाव, तारीख, धर्ममाता-धर्मपित्यांची नावे मोठ्याने वाचतो आणि ती टंकते, त्यामुळे वहीवरून पडद्यावर नि पडद्यावरून वहीवर होणारी तिच्या नजरेची धावपळ वाचते. पन्नाशी उलटलेल्या आमच्या डोळ्यांना ती फिकट शाई लवकर लागत नाही, म्हणून कामाचा वेग फारच मंदावला आहे. १९६३ चा मार्च चालू आहे.

दुसरे एक लहानसे काम आम्ही अंगावर घेतले. धर्मग्रामातील तरुणांच्या व्हॉट्सॲप गटावर रात्री नऊनंतर काही पाठवायचे नाही, असे ठरवले. गेल्या पंधरवड्यात आमच्याकडूनच ते दोनदा मोडले. एकदा रात्री अकरा वाजता गायनमंडळाच्या सरावाची वेळ कळवली, आणि मिनिटभरात सात जणांनी ती वाचल्याची खूण उमटली.