तेलाचा जन्म कोणता?

'आजन्म' या शब्दाची मला नेहमीच धास्ती वाटते. तो वापरणारा कोणाचा जन्म धरून बोलतो आहे, हे कधीच सांगत नाही. एका मासिकाचा मी आजीव वर्गणीदार झालो. माझा जीव अजून शाबूत आहे, मासिक केव्हाच गेलं. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, अशी आपली सर्वांची समजूत. पण जन्मठेप म्हणजे उरलेला सगळा जन्म, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६१ सालीच सांगून ठेवलं आहे. असाच घोळ मोटारीच्या गिअरबॉक्समधल्या तेलाचा.

आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीत तेल नुसतं दातेरी चाकांना चोळायला नसतं. टॉर्क कन्व्हर्टर नावाच्या डब्यात इंजिन एक पंखा फिरवतं, त्याच्या रेट्याने तेल समोरच्या पंख्यावर आदळतं, तो फिरतो आणि गाडी हलते. शिवाय आतले क्लच दाबायचे तेलानेच, उष्णता वाहून न्यायची तेलानेच. एकत्र कुटुंबातल्या थोरल्या सुनेलासुद्धा इतकी कामं नसत.

आणि या तेलाबद्दल कित्येक मोटार कंपन्या सांगतात, 'जन्मभर बदलावं लागत नाही!' कोणाचा जन्म? गाडीचा, मालकाचा, की वॉरंटीचा? उलट जर्मनीतली झेडएफ ही कंपनी घ्या. १९१५ साली झेपेलिन हवाई जहाजांची दातेरी चाकं करण्यासाठी ती निघाली आणि आज मोटार कंपन्यांना गिअरबॉक्स पुरवते. ती आपल्या गिअरबॉक्सचं तेल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान बदला म्हणते. म्हणजे आईने लिहून दिलेलं पथ्य एक आणि सासरी सांगतात भलतंच. काही माहितीपुस्तकांत बारीक अक्षरांत असतं, 'वापर खडतर असल्यास लवकर बदलावे.' खडतर म्हणजे काय? थांबत थांबत चालणारी वाहतूक, ऊन, धूळ, चढउतार. पुण्यात याला 'ऑफिसला जाणं' म्हणतात.

इथवर प्रश्न तेलाचा आहे. नीतीचा प्रश्न पुढेच आहे. आमच्या शेजाऱ्यांनी दीड लाख किलोमीटर पळालेली जुनी गाडी घेतली. तेल कधी बदललंय याचा पत्ता नाही. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, चालतेय ना? मग हात लावू नका. नवीन तेल टाकलं की बसते गाडी."

ही निव्वळ अंधश्रद्धा नाही. झिजलेल्या क्लच प्लेटा कशाबशा पकड धरून असतात. अशात नवं तेल घातलं आणि गाडी घसरू लागली, की खापर तेलावर आणि ते घालणाऱ्यावर फुटतं. खरं तर दुखणं पुष्कळदा जुनंच असतं. नव्या तेलाने फक्त बातमी फोडलेली असते. पण हात न लावणाऱ्या दहा जणांना कोणी जाब विचारत नाही, शेवटी हात लावणारा मात्र सापडतो. म्हणून कोणीच हात लावत नाही.

माझी मावशी बहात्तर वर्षांची आहे. "अगं, एकदा रक्त तपासून घे" म्हटलं, की म्हणते, "नको रे बाबा. तपासलं की काहीतरी निघतं!" तिची एक मैत्रीण तपासणीनंतर महिन्याभरात गेली, ती तपासणीनेच गेली, असं मावशीचं ठाम मत. मावशीने जन्मात कधी कुरकुर केली नाही आणि तिच्या मुलांनी त्याचा अर्थ 'आईचं उत्तम चाललंय' असा लावला. आता तीही आग्रह करत नाहीत. मला वाटतं, आईला काही निघेल या भीतीइतकीच, आपण इतकी वर्षं पाहिलं नाही हेही निघेल, ही भीती त्यांना असावी.

जो कुरकुरत नाही त्याच्याकडे आपण विश्वासाने पाहतो, असं आपल्याला वाटतं. पुष्कळदा आपण पाहतच नसतो. बहुतेक ठिकाणी हे तेल नवं असताना कोकम सरबतासारखं लालभडक असतं, मग तपकिरी होतं. पण करपट वास येईपर्यंत वाट पाहणं ही काही तपासणी नव्हे. तेल बदलायची खरी वेळ ते बदलायची गरज दिसत नाही तेव्हाच असते.

आणि ती वेळ टळून गेली असेल तर? दुसऱ्या एका जाणत्या मेकॅनिकने शेजाऱ्यांना मधला मार्ग सांगितला. यंत्राने जोर लावून सगळं धुऊन काढायचं नाही. खालचं तेल सोडायचं, जेवढं निघेल तेवढं नवं घालायचं. निम्म्याहून अधिक जुनं तेल बहुधा आतच राहतं. काही हजार किलोमीटरनंतर पुन्हा तेच. सत्य हप्त्याहप्त्याने पचतं, हे त्याला कोणत्या पोथीत सापडलं कोण जाणे!

मीही मावशीला आधी फक्त साखर तपासू या म्हटलं. ती तयार झाली आहे. अट एकच: सुईसमोर तिच्या दोन्ही मुलांनी आधी बसायचं.