उत्तरेच्या रस्त्याला लागण्याआधी

चि. मुक्ता,

जुलैच्या सुट्टीत तू आणि तुझ्या मैत्रिणी ॲडलेडहून गाडीने निघून थेट डार्विनपर्यंत जाणार, हे ऐकून तुझ्या बाबाच्या पोटात गोळा आला, पण मला मात्र मनापासून आनंद झाला. जग बघायचं ते हातपाय धड असताना बघावं. तुझ्या आजोबांचा जुना ॲटलास काढून मी तो रस्ता बोटाने चालून पाहिला. जवळजवळ तीन हजार किलोमीटर, मध्ये कूबर पेडी, जिथे माणसं उन्हाच्या तापापायी जमिनीखाली घरं करून राहतात, मग ॲलिस स्प्रिंग्ज, आणि त्यापुढे नकाशावर कितीतरी वेळ काहीच नाही. तिथे पहाटे उठायची तुझी सवय (परीक्षेच्या दिवसांत माझ्याआधी उठून चहाचं आधण ठेवायचीस, ते मी विसरलेले नाही) फार उपयोगी पडेल. उजाडलं की निघावं आणि दिवस मावळायच्या आत मुक्कामाला पोचावं, कारण अंधार पडला की कांगारू आणि मोकाट गुरं रस्त्यावर येतात. पाणी जपून वापरायला तुला कोणी शिकवायला नको, तू तांब्याभर पाण्यात हात-पाय-तोंड धुणारी मुलगी आहेस. आणि गाडी बंद पडलीच तर गाडी सोडून चालायला लागू नका, गं. शोधणाऱ्याला लांबून गाडी दिसते, माणूस दिसत नाही. तिच्याच सावलीत बसून राहायचं, कितीही वेळ लागो.

पण पत्र लिहायला बसले ते एवढ्यासाठी नाही. बोलता बोलता तू सहज म्हणून गेलीस, "आजी, त्याच रस्त्यावर तो इंग्लंडचा मुलगा नाहीसा झाला होता ना, त्याच्याबरोबरच्या मुलीचाच काहीतरी हात असणार असं इथे अजून म्हणतात." तुझ्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला सांगायला नको. कानावर आलं ते तू पुढे सांगितलंस. पण ते वाक्य माझ्या मनातून जाईना, म्हणून जे मी वाचलंय ते तुला सावकाश सांगते. वाचायला घाई करू नकोस, निवांत दुपारी वाच.

पीटर फाल्कोनिओ आणि जोआन लीस, दोघंही इंग्लंडच्या यॉर्कशरमधली, ऐन विशीतली. लग्न झालं नव्हतं, पण बरीच वर्षं एकमेकांबरोबर होती आणि आपल्या हिशोबाने नवरा-बायकोच. सिडनीत काही महिने राहून, कामधाम करून त्यांनी एक जुनी नारिंगी कोंबी गाडी घेतली आणि तुमच्यासारखीच देश बघायला निघाली. 14 जुलै 2001 ला त्यांनी ॲलिस स्प्रिंग्जला उंटांच्या शर्यती पाहिल्या, टी ट्रीला थांबून सूर्यास्त पाहिला आणि अंधारात पुढे निघाली. बॅरो क्रीक मागे टाकल्यावर एक पांढरी गाडी शेजारी आली. चालवणारा हातवारे करून सांगत होता की तुमच्या गाडीच्या धुराड्यातून ठिणग्या उडताहेत. पीटर उतरून मागे गेला. गाडीचं इंजिन जरा जोरात चालव, असा निरोप जोआनला आला, आणि मग तिला एक मोठा आवाज ऐकू आला. पीटर परत दिसला नाही, आजपर्यंत नाही. त्या माणसाने तिच्यावर बंदूक रोखली, हात पाठीमागे बांधले, डोक्यावर पिशवी घातली आणि तिला आपल्या गाडीत कोंबलं. ती गाडीच्या मागच्या बाजूने निसटली आणि झुडपात शिरली. तो विजेरी घेऊन शोधत राहिला. ती पाच तास श्वास रोखल्यासारखी पडून होती, जुलैतली वाळवंटातली थंडी (तिकडे तेव्हा हिवाळा असतो हे तुला मी काय सांगणार, पण रात्रीचं पांघरूण जाड घे) आणि हात बांधलेले. नंतर एक लांबलचक मालवाहू रोड ट्रेन येताना दिसली, तेव्हाच ती रस्त्यावर आली. ट्रकवाल्यांनी तिचे हात सोडवले आणि तिला बॅरो क्रीकच्या पबमध्ये आणलं.

पोलिसांनी तिला तासन् तास प्रश्न विचारले. त्याबद्दल माझी तक्रार नाही, जो शेवटचा बरोबर होता त्याला विचारणं हे त्यांचं कामच. पोलीस विचारतात, लिहून घेतात, पुन्हा जाऊन तपासतात. चव्हाट्यावर बोलणारं माणूस यातलं काहीच करत नाही. अकरा दिवसांनी ती वार्ताहरांसमोर आली आणि निवडक प्रश्नांनाच उत्तरं देऊन उठली. तेव्हा तिच्या अंगात एक गुलाबी टी-शर्ट होता आणि त्यावर 'चीकी मंकी' अशी गंमतीची अक्षरं होती. झालं! ही रडत कशी नाही, असले कपडे घालवतात कसे, बोलत का नाही, काहीतरी लपवतेय. बांधलेले हात पाठीमागून पुढे येतीलच कसे? झुडपात त्या माणसाच्या पावलांचे ठसे का सापडले नाहीत? त्याला ती सापडली कशी नाही? प्रश्न म्हणून यातला एकही वाईट नाही, मुक्ता. पण विचारणाऱ्यांना उत्तराची वाट बघायची नव्हती, उत्तर त्यांच्या खिशात आधीपासूनच होतं. पुढे तिच्या खासगी आयुष्यातल्या गोष्टीही वर्तमानपत्रांनी धुणं वाळत घालावं तशा टांगल्या.

आता उत्तरं कशी आली ते ऐक. तिने सांगितलं होतं की झुडपात असताना हात सुटावेत म्हणून तिने ओठांना लावायचं मलम वापरून पाहिलं. पहिल्या शोधात ते मलम सापडलं नाही. तीन महिन्यांनी, ऑक्टोबरात, पोलीस परत गेले, तेव्हा एका झुडपाखाली ते मलम आणि काळ्या चिकटपट्टीचे तुकडे मिळाले. एवढीशी वस्तू, आपल्या हळदीकुंकवाच्या कोयरीच्या झाकणाएवढी असेल. तिच्या त्या रात्रीच्या टी-शर्टवर रक्ताचा एक डाग होता, तिचा नाही आणि पीटरचाही नाही. तो डाग पहिल्या दिवसापासून तिथे होता, पण तो कोणाचा हे कळायला वर्षाहून जास्त लागलं. 2002 मध्ये ब्रॅडली जॉन मर्डॉक नावाचा माणूस दुसऱ्याच प्रकरणात पकडला गेला आणि डीएनए त्याच्याशी जुळला. 2005 च्या ऑक्टोबरात डार्विनला खटला उभा राहिला. हात पाठीमागून पुढे कसे घेतले ते जोआनने न्यायालयात सगळ्यांसमोर करून दाखवलं. पायांखालून ओढून, अंग मुडपून, जसं आपण लहानपणी दोरीशी खेळताना करायचो तसं. 13 डिसेंबरला ज्यूरीने एकमताने मर्डॉकला दोषी ठरवलं आणि त्याला जन्मठेप झाली, निदान 28 वर्षांची. त्याची अपिलं फेटाळली गेली. तो 2025 च्या जुलैत वारला, आणि पीटरला कुठे ठेवलं ते शेवटपर्यंत बोलला नाही. त्या घराला अजून मूठभर अस्थीसुद्धा मिळालेल्या नाहीत, गं. आणि ज्या मुलीने साक्ष देऊन त्या माणसाला आत घातलं तिच्याविषयी वीस-पंचवीस वर्षांनी ॲडलेडच्या कॉलेजातली मुलं म्हणतात, तिचाच हात असणार.

त्याच प्रांतात हे आधी एकदा होऊन गेलं होतं, याचं मला जास्त वाईट वाटतं. 17 ऑगस्ट 1980 च्या रात्री उलुरू या महाखडकाच्या पायथ्याशी तंबूतून लिंडी चेंबरलेनची जेमतेम नऊ आठवड्यांची लेक अझारिया नाहीशी झाली. डिंगोने, म्हणजे तिथल्या रानकुत्र्याने नेली, असं आई ओरडून सांगत होती. तिथल्या अनंगू लोकांनी, ज्यांना त्या मातीवरचा प्रत्येक ठसा वाचता येतो, डिंगोच्या पावलांचा माग दाखवला. पहिल्या चौकशीत डिंगोचंच नाव आलं, 1981 मध्ये. पण लोकांचं समाधान होईना. लिंडी टीव्हीवर सरळ आवाजात बोलायची, बाळाच्या कपड्यांविषयी नीट तपशीलवार सांगायची, दरवेळी नेटके कपडे घालायची. नवरा धर्मोपदेशक, त्यांचा पंथ वेगळा, मग काय, त्यावरून नाही नाही त्या गोष्टी. गाडीत बाळाचं रक्त सापडलं, असं प्रयोगशाळेतून सांगण्यात आलं. 29 ऑक्टोबर 1982 ला तिला खुनाबद्दल जन्मठेप झाली, तेव्हा ती पोटुशी होती. पुढच्याच महिन्यात तुरुंगात असताना मुलगी झाली आणि काही तासांतच ती तिच्यापासून नेली.

लिंडी पहिल्यापासून सांगत होती की बाळाच्या अंगात वरून एक विणलेलं जाकीट होतं. बाकीचे कपडे सापडले, जाकीट नाही, म्हणून ती खोटं बोलते असं सरकारी वकिलांचं म्हणणं. 1986 च्या जानेवारीत एक प्रवासी त्याच खडकावरून पडून गेला. फेब्रुवारीत त्याचे अवशेष शोधताना डिंगोंच्या वावराच्या जागेजवळ ते छोटं जाकीट मातीत अर्धवट पुरलेलं मिळालं. (मी तुझ्यासाठी विणलेलं पांढरं जाकीट अजून पेटीत आहे. ते हातात घेऊन मी हे वाचत बसले होते.) लिंडी सुटली. मग आयोग बसला, तेव्हा कळलं की गाडीतलं ते 'रक्त' म्हणजे कारखान्यात आवाज कमी व्हावा म्हणून फवारलेला लेप होता. 1988 मध्ये शिक्षा रद्द झाली, आणि मृत्यूचं कारण डिंगो, असं मृत्यूच्या दाखल्यावर लिहून मिळायला 2012 साल उजाडलं. बत्तीस वर्षं. तुझ्या बाबाच्या जवळजवळ सगळ्या तरुणपणाएवढी.

हे तिकडचंच आहे असं समजू नकोस. नवऱ्याचं काही बरंवाईट झालं की बाईला पांढऱ्या पायाची म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. आपल्या आळीत एक बाई होत्या. नवरा कामासाठी म्हणून परगावी गेला तो परत आलाच नाही. पोलिसांत वर्दी दिली, शोधाशोध झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या नळावर हंडे घेऊन उभ्या होत्या, कारण नळ सहाला यायचा आणि साडेसहाला जायचा, आणि घरात दोन लेकरं होती. दुपारपर्यंत सगळ्या आळीत झालं : नवरा नाहीसा झालाय आणि ही पाणी भरते! त्या रडल्या असत्या तर नाटकी ठरल्या असत्या. हंडे भरले म्हणून दगड ठरल्या. मी त्यांना जवळून पाहिलंय. पदराला गाठ मारून ठेवायच्या, आणि बोलताना बोटं त्या गाठीवर फिरत राहायची. त्यांचं दुःख तिथे होतं, चेहऱ्यावर नव्हतं. नवरा कधीच आला नाही. मुलं त्यांनी शिवणकामावर मोठी केली.

तुझं मन चांगलं आहे, ते मी तू चालायला लागलीस तेव्हापासून पाहतेय. पडलेल्या मांजराच्या पिल्लासाठी तू शाळेचा डबा सोडून धावली होतीस. मला काळजी वाटते ती फक्त घाईची, आणि ती तुझी एकटीची नाही. हल्ली सगळ्यांनाच संध्याकाळच्या आत मत हवं असतं. तुझ्या आजोबांची एक सवय होती. अशी काही बातमी आली की ते त्यावर बोलायचे नाहीत, कात्रण काढून ॲटलासमध्ये ठेवायचे आणि म्हणायचे, "निकाल लागू दे." कित्येकदा निकालापर्यंत लोक ती बातमी विसरून गेलेले असायचे, आजोबा मात्र ते कात्रण काढून निकालाशेजारी ठेवून परत वाचायचे. तूही एक करून बघ. असं काही कानावर आलं की आधी स्वतःला विचार, हे पाहिलं कोणी? आणि विचारून उत्तर मिळालं नाही तर गप्प बसायचं. गप्प बसायला काही खर्च लागत नाही, आणि तू तर काटकसरीची आहेस.

बॅरो क्रीकला तुम्ही थांबालच, तिथे 1872 चं दगडी तार-ठाणं आहे, ते बघण्यासारखं आहे म्हणतात. तिथे कोणी तो विषय काढला, आणि काढतीलच, तर मैत्रिणींना मलमाची गोष्ट सांग, जाकिटाची सांग. जोआनने स्वतः पुस्तक लिहिलंय, 2006 मध्ये आलं, तेही वाचायला सांग, म्हणजे तिचं म्हणणं एकदा तिच्या तोंडून ऐकून होईल.

वाटेसाठी शेंगदाणे-गुळाचे लाडू तिथेच करून घे, गूळ किसूनच घाल, ते आठवडाभर टिकतात. अंधारात कोणी गाडी थांबवायला सांगितलं तर थांबू नका, पुढच्या वस्तीच्या दिव्यात जाऊनच थांबा. ॲलिस स्प्रिंग्जनंतर फोनला रेंज नसेल, ते मला ठाऊक आहे, मी घाबरणार नाही. पण टेनंट क्रीकला पोचलीस की बाबाला दोन शब्द कळव, तो रात्रभर जागा असेल.

तुझी,
आजी