अनन्यता आणि शेजारधर्म

परमेश्वराच्या ठिकाणी अनन्य असणे हा महानुभाव आचारधर्माचा पाया होय. उपदेश घेतलेल्या वासनिकाला देवताभक्ती वर्ज्य आहे. देवतेचा नवस, अंगारा, प्रसाद हेही वर्ज्य. येथपर्यंत शंका नाही. शंका उद्भवते ती पुढे. हा वासनिक ज्या गावात राहतो तेथे खंडोबाची जत्रा भरते, नवरात्रात घट बसतात, आषाढीला दिंडी निघते, मोहरमचे ताबूत उठतात. ज्यांच्याशी बांधाला बांध आणि भिंतीला भिंत लागून आहे त्यांच्या श्रद्धेशी त्याने कसे वागावे? अनन्यता आणि आदर एका चित्तात नांदू शकतात काय?

या प्रश्नाची एक सोपी सोडवणूक सर्वत्र ऐकू येते: सगळे देव एकच, मग भेद कशाला? हे बोलणे गोड आहे, पण महानुभावाच्या मुखी ते खरे नव्हे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न, हा पंथाचा मूळ सिद्धांत. तो मनात ठेवून तोंडाने एकत्वाची भाषा करणे म्हणजे समोरच्याला फसविणे. आणि ज्याला फसवावयाचे त्याचा आदर तो कसला?

दुसरी सोडवणूक तिरस्काराची. शेजाऱ्याचा देव म्हणजे दगड, असे म्हणून काही उत्साही वासनिक मोकळे होतात. ही भाषा त्यांनी कोठून उचलली असेल ती असो, ब्रह्मविद्येतून खचित नव्हे. ब्रह्मविद्येत देवता मिथ्या नाहीत. एक्याऐंशी कोटी सव्वा लक्ष दहा अशी त्यांची गणना परंपरेने केली, त्यांच्या कोटी लावल्या, त्या आपापल्या अधिकाराप्रमाणे फळ देतात हेही मान्य केले. निषेध आहे तो एवढ्यासाठीच की ते फळ नाशवंत आहे आणि मोक्षदान परमेश्वराचेच. म्हणजे शेजारी जे करतो ते निरर्थक आहे असे शास्त्र म्हणत नाही. उपदेश्याने ते करू नये असे म्हणते. निषेध ज्याने पत्करला त्याच्यापुरता आहे. शिवाय परमेश्वर अवतार घेतो तो जीवोद्धारणासाठी, आणि शेजारी हाही जीवच आहे.

माहूरच्या डोंगरावर हा भेद प्रत्यक्ष दिसतो. रेणुकेचे ठाणे, दत्तशिखर, अनसूयेचे स्थान आणि महानुभावांचे श्रीदेवदेवेश्वर तेथे एकाच परिसरात आहेत. नाव तेच दत्तात्रेयांचे. पण इतरांच्या दृष्टीने ते त्रिमूर्ती, तर पंथाच्या दृष्टीने एकमुखी, परब्रह्माचा चारही युगांतला अवतार. यात्रेकरू एकाच वाटेने चढतात. कोणी सहज म्हणतो, आपण एकाच दत्ताकडे चाललो. तेव्हा वाद घालण्याचे कारण नाही आणि मान डोलावण्याचेही नाही. नाव एक, ज्ञान वेगळे, एवढे सौम्यपणे सांगता येते. विचारले तर अधिक सांगावे. न विचारता सांगू नये.

प्रसादाचा प्रसंग याहून नाजूक. शेजारीण सत्यनारायणाचा प्रसाद घेऊन दारी येते. पुष्कळ वासनिक तो हसून घेतात आणि तिची पाठ फिरताच गाईपुढे टाकतात. दोघांचेही मन राखले, असे त्यांना वाटते. मराठी भाषेत ‘मानभावी’ हा शब्द ढोंगी, वरकरणी गोड अशा अर्थाने रूढ आहे. पंथाच्या नावावरून पडलेल्या या शब्दाने पिढ्यान्‌पिढ्या घाव घातले. शाळेत तो ऐकून रडत घरी आलेली मुले पंथात काही थोडी नाहीत. तो अर्थ अन्यायाचा खरा. परंतु प्रसाद घेऊन टाकणारा वासनिक त्या अन्यायी शब्दाला स्वतःच साक्षीदार पुरवितो. त्यापेक्षा, “बाई, आमचा नेम आहे, आम्हांला चालत नाही, पण बसा, पाणी घ्या,” असे स्पष्ट म्हणावे. तिला क्षणभर वाईट वाटेल. ते वाईट वाटणे पुढे कधीतरी गाईपुढचा द्रोण पाहून वाटणाऱ्या अपमानाहून पुष्कळ हलके असते.

सर्वांत अवघड गोष्ट मात्र घरातच घडते. मुलगा उपदेश घेतो आणि पहिल्या उत्साहात देवघरातले टाक उचलून नदीत सोडतो. ते टाक आईचे असतात. सासरी आल्या दिवसापासून तिने ते पुजलेले असतात. मुलाने त्याग केला म्हणावे, तर त्याग आपल्या वस्तूचा होतो. दुसऱ्याच्या श्रद्धेचा होत नाही, तिला हरणच म्हणावे लागेल. काया, वाचा आणि मन या तिन्हींनी अहिंसा पाळण्याचा नेम ज्याने घेतला त्याने म्हातारीच्या डोळ्यांतले पाणी कोणत्या खात्यात मांडावे? त्याने स्वतः पूजा करू नये, नमस्कार करू नये. येथे सवलत नाही. पण देवघर आईचे आहे तोवर ते आईचेच राहू द्यावे. तिचे पाय थकले आणि देवीच्या देवळात नेऊन सोड असे ती म्हणाली, तर काय करावे? कडक आचाराच्या काही जणांना हे रुचणार नाही. तरी नेणे ही देवतेची भक्ती नसून आईची सेवा आहे. त्याने तिला हात धरून पायऱ्यांपर्यंत न्यावे, बाहेर कट्ट्यावर बसून नामस्मरण करावे, आणि तिचे आटोपले की परत घरी आणावे.